‘लक्शिमीच्या हातातली चवरी’ म्हणजे नेमकं काय?

सांगलीहून

माझी लेक आठवीत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘ऐरणीच्या देवा तुला’ बसवतायत, म्हणून तिनं ते ऐकून ऐकून वहीत उतरवलं. मी भाकरी थापत होते. तिनं विचारलं, “आई, चवरी म्हणजे काय गं?” मी म्हटलं, “भात्याची दांडी असते ना, ती.” त्यावर ती म्हणाली, “मग ती लक्ष्मीच्या हातात कशी?” माझा हात परातीतच थांबला.

गाणं आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटातलं हे जगदीश खेबुडकरांचं गीत. ‘आनंदघन’ या नावानं चाल लता मंगेशकरांची आणि आवाजही त्यांचाच. इतकी वर्षं मी ते गुणगुणत आलेय, पण ‘लक्शिमीच्या हातातली चवरी व्हावी वरखाली’ ही ओळ मला कळलेलीच नव्हती, हे त्या दिवशी कळलं. चवरी म्हणजे काय, लक्ष्मी कोण, आणि तिची चवरी वरखाली झाल्यानं लोहाराच्या घरात काय होतं? जाणकारांनी सांगावं.

कराडहून

ताई, आमच्या घरात केरसुणीला लक्ष्मी म्हणतात. तिला पाय लागला तर नमस्कार करायचा, दिवाळीला तिची पूजा करायची. पुढच्याच ओळीत ‘इडा पीडा’ आहे. म्हणजे केरसुणीनं इडा पीडा झाडून निघावी, असा अर्थ मी लहानपणापासून लावत आलोय.

विट्याहून

मला वाटतं, वरखाली म्हणजे चढउतार. लक्ष्मी चंचल, आज आहे उद्या नाही. गरिबाला ते ठाऊक असतं.

मिरजेहून

बाई, चवरी म्हणजे चामर. दुसरा अर्थ मला तरी ठाऊक नाही. वनगाईच्या, म्हणजे याकच्या, शेपटीच्या पांढऱ्या केसांचा झुपका, त्याला लाकडाची नाहीतर चांदीची मूठ. देवाची पालखी निघाली की एका बाजूला मोर्चेल आणि दुसऱ्या बाजूला चवरी. मोर्चेल मोरपिसांचं असतं, हा दोहोंतला फरक. सौंदत्तीच्या यल्लमाला जाणाऱ्या जोगतिणींच्या हातातही आपण चवरी पाहतो. आपल्या भागातल्या माणसाला हा शब्द कोशात शोधावा लागू नये, पण आता लागतो खरा.

चवरीसोबत येणारं क्रियापदही ध्यानात घ्या. चवरी ‘ढाळतात’. अश्रू ढाळणं तेही हेच क्रियापद, वरून खाली सोडणं. त्यामुळं कराडकरांची केरसुणी इथं बसत नाही. केर आडवा काढतात. ‘वरखाली’ होते ती चवरी.

सांगलीहून

काका, तुमच्या ‘ढाळणे’नं कोडं निम्मं सुटलं. उरलेलं निम्मं मला रस्त्यावर सापडलं. जरा सविस्तर लिहिते.

परवा तासगावला जाताना रस्त्याकडेला पाल टाकलेलं एक लोहार कुटुंब दिसलं. ऊसतोडीचे दिवस जवळ आलेत, कोयत्यांचं काम जोरात होतं. मी गाडी थांबवली. घरी बोथट झालेली दोन खुरपी होती, ती शेवटून, म्हणजे ठोकून धार लावून, घेण्याच्या निमित्तानं परतताना पुन्हा गेले आणि तासभर तिथंच बसले. पुरुष सांडशीनं लाल झालेलं पातं ऐरणीवर धरत होता, बाई घण घालत होती, आणि मध्ये मध्ये तीच येऊन भट्टीला वारा देत होती. आता तिथं चामड्याचा भाता नाही. हातानं फिरवायचा लोखंडी पंखा आहे. मी तिला विचारलं, पूर्वी भाता होता का? ती म्हणाली, “सासूच्या वक्ताला हुता. दिसभर वर-खाली, वर-खाली. दंड भरून यायचं.”

‘वर-खाली’ हे शब्द तिच्या तोंडून आले आणि ओळ माझ्यापुढं उभी राहिली.

चवरी कशासाठी ढाळतात? देवाला वारा घालायला. भाता कशासाठी? तोही वाराच घालायला, फक्त समोर विस्तव असतो. गाणं म्हणणारी कोण, हे ‘धनी मातुर माजा’ या तीन शब्दांनी आधीच सांगितलंय. ती लोहाराची कारभारीण आहे, आणि भाता तिच्या हातात आहे. लक्ष्मी म्हणजे घरची लक्ष्मी, ती स्वतःच. चवरी म्हणजे चामरच, काका म्हणतात तेच. पण त्या घरात चांदीच्या मुठीची चवरी कुठून असणार? तिनं भात्यालाच चवरी केलंय. तेव्हा मी लेकीला सांगितलेली ‘भात्याची दांडी’ हा चवरी या शब्दाचा अर्थ नव्हेच. चवरी म्हणजे चवरीच, आणि भाता तिच्या जागी आलाय.

हे एकदा दिसलं की सगळं गाणंच पूजा होऊन समोर येतं. ‘ठिणगी ठिणगी वाहू दे’ हे मी कायम ‘ठिणग्या वाहत जाऊ देत’ असंच ऐकत होते. पण ओळीत ‘तुला’ आहे. ‘तुला वाहू दे’, म्हणजे फूल वाहतात तसं, बेल वाहतात तसं. एकेक ठिणगी म्हणजे एकेक फूल. पूजेच्या शेवटी भटजी राजोपचार म्हणतात, त्यात छत्र, चामर, गीत, नृत्य, वाद्य येतं. इथं फुलं ठिणग्यांची, चामर भात्याचं, आणि गीताला साथ ‘भात्यातल्या सुरा’ची. देवघरातलं काहीही नसताना पूजा पुरी होते. मला हे फार मोठं वाटतं. एवढं मोठं काम इतक्या साध्या शब्दांनी केलंय की आपण नुसती चाल गुणगुणत पुढं जातो.

आणखी एक. ध्रुवपदात आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘दे’ येतो, पण तो सगळीकडं एक नाही. ‘वाहू दे’ आणि ‘गाऊ दे’ यांत ती परवानगी मागते, मला वाहू दे, मला गाऊ दे. ‘राहू दे’, ‘असू दे’, ‘येऊ दे’ यांत ती मागणं मागते, माया राहू दे, धनी वाघावानी असू दे, अंगी बळ येऊ दे. म्हणजे दोनदा ती द्यायला हात पुढं करते आणि तीनदा घ्यायला. मागते तरी काय? माया, वाघासारखा नवरा, सोसायचं बळ. पैसा एकदाही नाही. विट्याच्या दादांनी सुचवलेला चंचल लक्ष्मीचा अर्थ मला यासाठीही पटत नाही. या बाईच्या मागण्यात धनाचा विषयच नाही.

कराडहून

केरसुणी मी मागं घेतो. पण ताई, ‘इडा पीडा जाईल आली’ यात ‘आली’ कुणाची? मी नेहमी ‘आली किरपा तुजी’ असं जोडून म्हणतो. कृपा आली, म्हणून इडा पीडा जाईल. अर्थ लागतो की.

सांगलीहून

अर्थ लागतो, पण यमक तोडून. कडवी कशी बांधलीत पाहा. पहिल्या कडव्यात गरिबीचं, लोखंडाचं, आबरूचं. शेवटच्या कडव्यात भारी, बुरी, घावावरी. मग मधल्या कडव्यात हातातली, वरखाली आणि तिसरा शब्द ‘आली’च हवा. ‘आली’ तिसऱ्या ओळीच्या शेवटी बसते, तिथं थांबायचं, आणि ‘किरपा तुजी’ पुढच्या ओळीची. मग अर्थ असा: आली इडा पीडा जाईल, म्हणजे जी आलेली आहे ती जाईल. आपण ‘आल्या पावली परत गेला’ म्हणतो, त्यातलं ‘आल्या’ तसंच. आणि पुढं, तुझी किरपा मला भात्याच्या सुरासंगं गाऊ दे.

लेकीनं वहीत ‘आली’नंतर स्वल्पविराम दिलाय. आता ती म्हणते, बाईंनाही सांगणार.

‘इडा पीडा’चा उगम कुणी विचारेलच. ‘इडा’ हा पीडेचा जोडशब्द, पाणीबिणी असतं तसा. दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात, ते तर आपल्या शेतकरी घरांतून अजून ऐकू येतं.

विट्याहून

चंचल लक्ष्मी सोडली. आता माझा प्रश्न. ‘चनं खाऊ लोखंडाचं’ यात ‘चणे’ अनेकवचनी आहे, मग ‘चनं’ आणि ‘लोखंडाचं’ कसं? माझा पुण्यातला भाचा म्हणतो, हे अशुद्ध आहे.

सांगलीहून

दादा, भाच्याला चार दिवस विट्याला ठेवून घ्या. आपल्याकडं ‘डोळे दुखतात’ कोण म्हणतं? ‘डोळं दुखत्यात’. ‘पैसे दिले’ नाही, ‘पैसं दिलं’. पुल्लिंगी अनेकवचनाचा शेवटचा ए आपल्या बोलीत अनुस्वारी होतो, एका शब्दात नाही, सगळीकडं, आणि विशेषणही त्याच्यामागं जातं. ही घसरण नव्हे, हा नियम आहे. ‘आभाळागत’मधला ‘गत’, ‘वाघावानी’मधला ‘वानी’, ‘सुरासंगं’मधला ‘संगं’ हे सगळं सातारा, सांगली, कोल्हापूरच्या घरातलं. ‘मातुर’ म्हणजे ‘मात्र’. गरिबी चालेल, लोखंडाचे चणे चालतील, धनी मातुर… त्या ‘मातुर’वर गाणं वळतं. प्रमाण भाषेतला ‘मात्र’ तिथं ठेवून पाहा, वळण तसंच राहतं, पण तिचा आवाज जातो.

‘लेऊ लेणं’ही सांगते. आपण आता सगळंच ‘घालतो’. साडी घालतो, बांगड्या घालतो, टोपी घालतो. माझी आजी लुगडं नेसायची, चोळी ल्यायची, कुंकू ल्यायची, आणि आजोबा पटका बांधायचे. लेणं म्हणजे अंगावर शोभेसाठी धारण करायची वस्तू. गरिबीचं लेणं म्हटलं की ती गरिबी लपवत नाही, अंगावर मिरवते. ‘गरिबीत राहू’ म्हटलं असतं तर हे आलं नसतं.

मिरजेहून

बाई, ‘आबरू’कडंही पाहा. फारसी शब्द आहे. ‘आब’ म्हणजे पाणी, ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्याचं पाणी, तेज. मोत्याचं पाणी म्हणतात तेच.

सांगलीहून

काका, हे वाचलं आणि त्या तासगाव रस्त्यावरच्या कोयत्यांपाशी पुन्हा जाऊन पोचले.

पातं ठोकून झालं की तो माणूस ते पुन्हा तापवायचा, रंगाकडं टक लावून बघायचा, आणि नेमक्या क्षणी शेजारच्या पाण्याच्या डब्यात धार बुडवायचा. चर्र आवाज आणि वाफ. मग बाहेर काढून पुन्हा रंग बघायचा. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, “पाणी द्यायला लागतंय. पाणी कमी पडलं तर धार मुडपती, जास्त झालं तर तुटती.” पाणी दिलेलं पातं तेच खरं पातं. ‘पाणीदार’ हा आपला शब्द माणसाला, डोळ्यांना, बैलाला आणि धारेला सारखाच चालतो. आणि आबरू म्हणजे पाणीच! लोहाराची बायको जिणं ‘आबरूचं’ मागते, तेव्हा ती पाणी दिलेलं जिणं मागते. कवीनं हे योजून केलं असं मी म्हणणार नाही. पण लोखंडाच्या पाठोपाठ आबरू आली की भाषा आपली आपण हे जोडून टाकते, आणि आता ते जोड मला सुटं करता येत नाही.

‘ऐरण’ बघा, तो शब्द आता लोहाराकडं कमी आणि वर्तमानपत्रात जास्त दिसतो. पाणीप्रश्न ऐरणीवर, ऊसदर ऐरणीवर. ‘चर्चेला आला’ एवढाच अर्थ धरून आपण तो वापरतो. मूळ अर्थ त्याहून कडक आहे. ऐरणीवर ठेवलं म्हणजे आता घण पडणार. तुकोबांनी हिऱ्याची परीक्षा तिथंच घेतली: ‘हिरा ठेवितां ऐरणीं, वांचे मारितां जो घणीं’. शेवटच्या कडव्यातला ‘घाव’ही दुहेरी आहे. घणाचा तो घाव आणि अंगावर झालेली जखम तोही घाव. ‘घावावरी घाव’ ऐरणीला रोजचेच. म्हणून ती देवासारखं होऊ दे म्हणत नाही, त्याच्यासारखं सोसायचं बळ मागते, आणि सोसण्याच्या जोडीला लगेच ‘झुंजायाला’ म्हणते.

एकच गोष्ट मला अजून ठरवता येत नाही. ‘ऐरणीचा देव’ म्हणजे ऐरणीत वसलेला देव, की ‘दगडाचा देव’ म्हणतो तसा ऐरण हाच देव?

पलूसहून

मी लोहाराचा मुलगा. वडील गेले, भाता माळ्यावर आहे. हे सगळं वाचत होतो, म्हणून लिहितो.

आमच्यात भात्याच्या दांडीला दांडीच म्हणायचे. चवरी हा शब्द आईच्या तोंडी यल्लमाच्या गाण्यात यायचा, भट्टीवर कधी नाही. तेव्हा ताईंचं बरोबर आहे. आमच्या गावापासून किर्लोस्करवाडी जवळ. तिथं १९१० पासून कारखाना, लोखंडी नांगर निघाले आणि लाकडी नांगराच्या फाळाचं काम हळूहळू कमी झालं, असं आजोबा सांगायचे. तरी खुरपी, कुदळी, कोयते होते. बलुतं धान्यात यायचं.

देवाबद्दल विचारलंत. आमच्या घरी देव्हारा वेगळा होता. पण खंडेनवमीला ऐरण धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून तिच्यापुढं नारळ फुटायचा. ऐरणीवर बसायचं नाही, पाय ठेवायचा नाही. एकदा मी सहासात वर्षांचा असताना चढून बसलो, तर वडिलांनी मारलं नाही, उचलून खाली ठेवलं आणि ऐरणीला हात लावून स्वतःच्या छातीला लावला. ऐरणीतला देव की ऐरण देव, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता.

आई सकाळी भट्टी पेटली की पहिल्यांदा दांडीला हात लावून कपाळाला लावायची आणि मग ओढायला घ्यायची. पहिले चारपाच झोके अगदी सावकाश. मी समजायचो की चामडं रात्रभर आखडलेलं असतं म्हणून.