कॅपिबाऱ्याला मराठीत काय म्हणावे: ‘पाणडुक्कर’ की ‘पाणघूस’?

कॅपिबारा या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्यासाठी आपण ‘पाणडुक्कर’ हा शब्द सुचवला आहे. हा प्राणी डुक्कर नाही एवढ्याच कारणाने तो शब्द बाद ठरत नाही, कारण पाणघोडा हा घोडा नव्हे आणि पाणमांजर हे मांजर नव्हे, तरीही ते शब्द मराठीत पक्के रुजले आहेत. शिवाय या प्राण्याच्या ग्रीक मुळाच्या शास्त्रीय नावाचा अर्थही पाण्यातले डुक्कर असाच आहे आणि १७६६ साली प्राण्यांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने त्याला डुकरांच्याच प्रजातीत घातले होते.

माझी हरकत वेगळी आहे. डुक्कर म्हटले की तोंडाने जमीन उकरणारा आणि मिळेल ते खाणारा प्राणी डोळ्यांपुढे येतो. कॅपिबारा मात्र निव्वळ शाकाहारी असून जन्मभर वाढत राहणाऱ्या पटाशीच्या दातांनी गवत अगदी बुडापासून कापतो आणि दिवसाला सुमारे ३ किलो गवत फस्त करतो. ब्राझीलमधील आदिवासींच्या तुपी भाषेतल्या मूळ नावाचा अर्थही ‘गवत खाणारा’ असाच आहे, आणि तो मला अधिक नेमका वाटतो.

‘पाणघूस’ हा शब्द गणाच्या दृष्टीने जवळचा आहे, कारण दोन्ही प्राणी कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातले आहेत. परंतु घूस बिळे करते आणि कॅपिबारा बीळ करत नाही. जॅग्वार या बिबट्यासारख्या शिकारी प्राण्याची चाहूल लागताच तो पाण्यात शिरतो आणि नाकपुड्या, डोळे व कान डोक्याच्या वरच्या बाजूस असल्यामुळे तेवढेच बाहेर ठेवून बाकीचे शरीर बुडवून राहतो. वेळ पडल्यास सुमारे ५ मिनिटे पूर्ण बुडीही मारतो. पाणी हेच त्याचे बीळ, असे म्हणता येईल.

त्याच्या अधिवासासाठी ‘दलदल’ न लिहिता ‘पाणथळ’ लिहावे. ब्राझीलमधील पांतानाल किंवा व्हेनेझुएला-कोलंबियातील यानोस ही पावसाळ्यात बुडणारी गवताळ मैदाने आहेत आणि त्याला पाण्याइतकीच चरायला व विसावायला कोरडी जमीनही लागते. ‘जगातील सर्वांत मोठा उंदीर’ ही वर्णनाची पद्धतही सोडून द्यावी. ‘सर्वांत मोठा कृंतक’ म्हणणे योग्य, कारण त्याचे जवळचे नाते गिनीपिगशी आहे.

तेव्हा ‘कॅपिबारा’ हाच शब्द ठेवावा. वारा–वाऱ्याचा, झेब्रा–झेब्र्याचा याप्रमाणे त्याची ‘कॅपिबाऱ्याचा’, ‘कॅपिबारे’ अशी रूपे सहज होतात, आणि ‘काठावर कॅपिबाऱ्यांचा कळप चरत होता’ हे वाक्य कानाला कुठेही खटकत नाही.