अनारशांचे ९४ डबे? फराळाच्या पानावरचं बटण काहीच बोलत नाही

प्रेषक: फराळ समिती
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

वेबसाइट बघणाऱ्यांनी हे आजच वाचावं, ही विनंती. फराळाच्या ६१ ऑर्डरी आल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत, असं मला वाटायला लागलंय. इथे मेलबर्नमध्येच, क्लेटनच्या एका काकूंच्या नावावर चिवड्याची ४ पाकिटं लागली आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "अगं, घरात आम्ही दोघंच. ४ घेऊन काय करू?" त्यांनी बटण दाबलं, काही झालं नाही, परत दाबलं, परत काही नाही. शेवटी कार्ट उघडलं तर वर एकाखाली एक ४ हिरव्या पट्ट्या, प्रत्येकीवर तेच इंग्रजी वाक्य, की चिवडा कार्टमध्ये गेला. त्यांना वाटलं, वेबसाइट ४ वेळा आभार मानतेय.

दुसऱ्या एका घरातून वेगळीच तक्रार आली. त्यांनी व्हॉट्सॲपवरची लिंक नुसती उघडली, तर कार्टमध्ये अनारशांचा १ डबा आधीच हजर!

मला खरी काळजी अनारशांची आहे. यादीत ९४ डबे दिसतात, डब्यात ८. तेवढ्याला दहा-साडेदहा किलो तांदूळ लागतील. टार्नीटच्या वहिनी गुरुवारी तांदूळ भिजत घालणार. ३ दिवस रोज पाणी बदलायचं, मग सावलीत वाळवून दळायचे, गूळ मिसळून पीठ मुरायला ठेवायचं. एकदा तांदूळ भिजले की मागे फिरता येत नाही. गुरुवार सकाळपर्यंत मला खरा आकडा हवाय.

प्रेषक: वेबसाइट समिती
सोमवार, रात्री ११:१५

ताई, वाचलं. आत्ता मी लॉगिन करून दुकानाच्या पानावरून चिवडा टाकून बघितला. हिरवी पट्टी व्यवस्थित आली. म्हणजे बिघाड सगळीकडे नाही, कुठेतरी ठरावीक जागी आहे. ज्यांना त्रास झाला त्यांच्याकडून मला ३ गोष्टी कळल्या तर फार मदत होईल. ते कुठल्या पानावर होते, फोनवर की लॅपटॉपवर, आणि लॉगिन केलं होतं का?

तोवर एकही ऑर्डर रद्द करू नका. आणि फोनवर बोलताना "तुम्ही जास्त वेळा दाबलंत" असं कुणाला म्हणायला नको. बटण दाबल्यावर काहीच दिसलं नाही तर मीसुद्धा परत दाबेन.

प्रेषक: ग्लेन वेव्हर्लीचे काका
मंगळवार, सकाळी ७:०५

अगं, मी पहाटे बसून तपासलं. लॅपटॉप घेतला, लॉगिन न करता व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून गेलो, म्हणजे दुकानाच्या पानावर नाही, फराळाच्या पानावर. चकलीखालचं बटण एकदाच दाबलं. पान क्षणभर पांढरं झालं आणि उडी मारून वर गेलं. समोर पणत्यांचं चित्र. चकली गेली की नाही, एक अक्षर नाही.

पण वर पत्त्याच्या ओळीकडे लक्ष गेलं. पत्ता लांबला होता. शेवटी प्रश्नचिन्ह, मग ॲड-टू-कार्ट, बरोबरचं चिन्ह आणि ४१२. कुतूहल म्हणून पान रिफ्रेश केलं. कार्ट बघितलं तर २ चकल्या! परत रिफ्रेश, ३. बटणाला मी पुन्हा हातही लावला नव्हता. मग तोच लांबलेला पत्ता कॉपी करून आमच्या हिच्या आयपॅडवर उघडला. तिच्या कार्टमध्येही चकली.

आता पुढचं तू बघ.

प्रेषक: वेबसाइट समिती
मंगळवार, रात्री ९:३०

काका, तुम्ही नेमकं मूळच धरलंत. ४१२ हा चकलीचा क्रमांक. आपलं दुकान वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि तिथे असा पत्ता म्हणजे हुकूमच असतो. तो उघडला की ४१२ क्रमांकाची वस्तू कार्टमध्ये टाकायची, मग उघडणारा कुणी असो आणि कितीदाही उघडो. फोनवर पान बोटानं खाली ओढलं तरी ते नव्यानं उघडतं. दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत आलं तरी कधीकधी फोन ते स्वतःच नव्यानं उघडतो. प्रत्येक वेळी एक पाकीट वाढतं. म्हणजे बऱ्याच जणांनी बटण दुसऱ्यांदा दाबलेलंसुद्धा नसेल. अनारशांची लिंकही कुणीतरी आपली ऑर्डर टाकल्यावर वरचा पत्ता कॉपी करून ग्रुपवर दिली असणार, प्रश्नचिन्हापासूनच्या शेपटीसकट.

ही शेपटी आली कुठून? वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये प्रॉडक्ट्सखाली जनरल या भागात एक खूण असते. यादीतल्या बटणांना एजॅक्स वापरायचं की नाही, हे तिथे ठरतं. खूण असेल तर बटण दाबल्यावर पान जागचं हलत नाही, निरोप मागच्या मागे जातो आणि बटणाशेजारी कार्ट बघायची लिंक येते. खूण नसेल तर बटण म्हणजे साधी शेपटीवाली लिंक. गणपतीत तिकिटं विकताना बटणावरचं चक्र फिरतच राहत होतं, कारण सर्व्हरची सुरक्षा तो निरोप अडवत होती. लोक खोळंबले होते म्हणून मी ती खूण काढली. सुरक्षेचा प्रश्न आठवडाभरात सुटला, खूण परत करायची माझ्याकडून राहिली. हे माझं चुकलं, त्याबद्दल ताईंची आणि फोन घ्यावे लागलेल्या सगळ्यांची माफी मागते.

आता हिरवी पट्टी का दिसत नव्हती, ते सांगते. वस्तू कार्टमध्ये गेली की वूकॉमर्स मेसेज लगेच पडद्यावर टाकत नाही. त्या माणसाच्या सेशनमध्ये, म्हणजे त्याच्या भेटीपुरत्या नोंदीत ठेवतं, आणि मेसेजसाठी जागा राखलेलं पान समोर आलं की तिथे छापतं. दुकानाच्या पानावर ती जागा आहे, प्रत्येक वस्तूच्या स्वतंत्र पानावर आहे, कार्टच्या पानावरही आहे. फराळाचं पान मात्र आपण साधं पान म्हणून बनवलं आणि त्यात वस्तूंचा शॉर्टकोड, म्हणजे वस्तूंची यादी आणून दाखवणारा छोटा संकेत टाकला. तिथे मेसेजला जागाच नव्हती. काकूंचे चारही मेसेज सेशनमध्ये साठत गेले आणि कार्ट उघडल्यावर एकदम बाहेर पडले. समितीतले आम्ही सगळे दुकानाच्या पानावरून तपासत होतो, लोक येत होते फराळाच्या पानावर. म्हणून आम्हाला कधी काही दिसलं नाही.

यात कॅशनं भर घातली. लॉगिन न केलेल्यांना फराळाचं पान साठवलेल्या प्रतीतून दिलं जात होतं, त्यामुळे लिंकवरून परत आलेल्यांना वर पिशवीच्या चित्रावर ० दिसायचा. कार्टमध्ये ३ पाकिटं असताना ० दिसला तर माणूस चौथं टाकणारच.

आज केलेली कामं: एजॅक्सची खूण परत लावली. फराळाच्या पानाच्या माथ्यावर शॉप मेसेजेस नावाचा शॉर्टकोड टाकला, म्हणजे साठलेला मेसेज असेल तर तिथेच छापला जाईल. फराळाच्या पानावर कुणी शेपटीवाला पत्ता घेऊन आलं तर शेपटी काढून साध्या पानावर पाठवायचं आणि कार्टमध्ये काहीही टाकायचं नाही, असा नियम सर्व्हरवर घातला. जुन्या लिंका आता निरुपद्रवी झाल्या. पिशवीवरचा आकडा पान उघडल्यावर ताजा मागवला जाईल अशी सोयही केली. वूकॉमर्स ७.८ पासून हा आकडा ताजा करणारी स्क्रिप्ट सगळ्या पानांवर आपोआप येत नाही, आपल्याला मुद्दाम लावावी लागते.

एक राहिलं. लॉगिन न केलेल्यांचं कार्ट साधारण ४८ तास टिकतं. त्यामुळे ज्यांनी पैसे अजून भरले नाहीत, त्यांच्या कार्टमध्ये जुने वाढीव आकडे गुरुवारपर्यंत सापडतील. पैसे भरायच्या पानावर वर ठळक ओळ टाकली आहे: "पाकिटांचा आकडा एकदा बघून घ्या."

प्रेषक: ग्लेन वेव्हर्लीचे काका
बुधवार, सकाळी ६:५०

बघितलं. पान आता हलत नाही, बटणाशेजारी लिंक येते. पण ती राखाडी, बारीक अक्षरांत. मला चष्म्यानं दिसली, आमच्या हिला दिसणार नाही. तिची नजर आता फार अधू झाली आहे, आयपॅड तिला सगळं वाचून दाखवतो. तिनं चिवड्याचं बटण दाबलं, आयपॅड गप्प. तिनं मला हाक मारली, "गेलं का हो?" तिला स्वतःची ऑर्डर स्वतः द्यायची असते, मी दिलेली चालत नाही. त्याचं काही करता येईल का?

आणि एका माणसाला एका वस्तूचा एकच नग, असं बंधन घालता येतं ना?

प्रेषक: वेबसाइट समिती
बुधवार, रात्री ११:५०

काका, एका ऑर्डरीत एकच नग, असं बंधन घालता येतं. प्रत्येक वस्तूच्या इन्व्हेंटरीत तशी खूण असते. पण ज्यांना खरंच लेकीच्या आणि शेजारच्या घरासाठी ३ पाकिटं हवीत, त्यांना ती मिळणार नाहीत. कार्यक्रमाच्या पाससाठी ते बंधन योग्य, चिवड्याला नको.

काकूंची अडचण मात्र आज दिवसभर डोक्यात होती. एजॅक्सनं वस्तू गेली की वूकॉमर्स हिरवी पट्टी दाखवतच नाही, फक्त ती लिंक. पण वस्तू गेली की पानाला आतल्या आत एक इशारा मिळतो. तो पकडून मी पडद्याच्या तळाशी पट्टी आणली आहे, मोठ्या अक्षरांत, मराठीत. पट्टीची जागा पान उघडतानाच रिकामी ठेवली आहे आणि तिच्यात बदल झाला की वाचून दाखव, अशी सूचना ब्राउझरला दिली आहे. ही जागा आधीपासून पानात असावी लागते. मजकुरासकट ऐनवेळी आणली तर वाचून दाखवणारी यंत्रणा बऱ्याचदा ती चुकवते. माझा पहिला प्रयत्न तसाच फसला होता.

ताई, वाक्य काय असावं ते तुम्ही सांगा. मी सध्या "कार्टमध्ये समाविष्ट केले आहे" असं टाकलंय.

प्रेषक: फराळ समिती
गुरुवार, सकाळी ६:२०

"समाविष्ट केले" नको गं, ते नोटिशीसारखं वाटतं. वस्तूचं नाव, मग "कार्टमध्ये टाकलं", आणि पुढे "आता एकूण" इतकी पाकिटं. आकडा हवाच. तो दिसला असता तर क्लेटनच्या काकूंनी दुसऱ्याच पाकिटाला हात आवरला असता.

काल आम्ही चौघींनी ६१ घरी फोन केले. २३ ऑर्डरी वाढीव निघाल्या. कुणी रागावलं नाही, उलट पॉइंट कुकच्या एका आजी अर्धा तास भाजणीचं प्रमाण सांगत होत्या. जास्तीचे पैसे ऑर्डरच्या पानावरूनच परत करता येतात, फक्त तेवढ्या नगांपुरते. १९ जणांचे दिले, ४ जणांचे आज देते.

अनारशांचे डबे ५८. वहिनींना सांगितलं, साडेसहा किलो तांदूळ. त्यांनी ७ वाजता भिजत घातले की मी फोटो टाकते.

प्रेषक: ग्लेन वेव्हर्लीचे काका
गुरुवार, सकाळी ८:१५

आत्ता हिनं बटण दाबलं. आयपॅड बोलला, "पातळ पोह्यांचा चिवडा कार्टमध्ये टाकलं. आता एकूण १." चिवडा आहे ना, तर "टाकला" हवं, असं तिचं म्हणणं. तेवढं दुरुस्त कर. पुढची ऑर्डर तिनं एकटीनं पूर्ण केली, पैसे भरेपर्यंत. मी दुसऱ्या खोलीत होतो.

प्रेषक: वेबसाइट समिती
गुरुवार, दुपारी १२:४०

काकू, बरोबर आहे. चकली टाकली, चिवडा टाकला, अनारसे टाकले. आता प्रत्येक वस्तूला तिचं क्रियापद वेगळं दिलं आहे. करंज्यांची नोंदणी शनिवारी उघडते. त्याआधी शुक्रवारी रात्री, लॉगिन न करता, व्हॉट्सॲपच्या लिंकवरून, तुम्ही एकदा बघाल का?