मदत हवी आहे: बाभळीवर रंधा मारताना गाठीजवळ लाकूड उपसायलंय

नमस्कार मंडळी, औशाकडच्या शेतातल्या जुन्या बाभळीच्या फळ्या आहेत, सावलीत चांगल्या वाळलेल्या, त्यातून दिवाण करायलोय. बाकी फळी मस्त गुळगुळीत होते पण गाठीच्या बाजूला जिथं रेषा उलटी फिरते तिथं रंधा मारला की लाकूड तुकड्यानं उपसून खड्डा पडायलाय. रंधा लोखंडी, पातं ४५ अंशात बसणारा. धार ३० अंशाची, बारीक दगडावर नीट लावलेली, हातावरचे केस निघतात इतकी, म्हणजे धारेचा प्रश्न नसावा. दोन्हीकडून मारलं, रंधा तिरका धरला, एकदम पातळ छिलका काढून पाहिला, थोडाच फरक पडला. पात्यावरची पट्टी (छिलका मोडायला पात्यावर बसवतात ती) धारेपासून दीड मिमी मागं होती, ती अर्ध्या मिमीवर आणली तर उपसणं कमी झालं पण छिलके रंध्याच्या तोंडात, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीत, अडकून बसायलेत. सँडर सांगू नका, लाईटचा भरवसा नाही, आणि पॉलिश पेपरनं गाठीभोवतीचं मऊ लाकूड जास्त झिजतं, ते मला खरंच नकोय.

बाभळीवर हातानं काम केलेल्यांनी सांगा, पट्टी इतकी जवळ ठेवायची तर रंध्याचं तोंड किती उघडं ठेवू आणि पट्टीची पुढची कड किती अंशात घासू, का पट्टीचा नाद सोडून पात्याच्या सपाट बाजूला बारीकशी उलटी धार काढू?