मदत हवी आहे: जुन्या टपाल तिकिटावर 'सर्व्हिस' छाप, पण इंग्रजी आय (i) वरचं टिंब गायब

काकांच्या जुन्या आल्बममध्ये अर्धा आण्याचं निळं, व्हिक्टोरिया राणीचं तिकीट मिळालं. वॉटरमार्क (कागदातच उमटवलेली, उजेडात धरली की दिसणारी खूण) हत्तीच्या डोक्याचा, त्यामुळे तिकीट १८६५ किंवा त्यानंतरचं आहे, एवढं नक्की. त्यावर काळ्या शाईत बारीक इंग्रजी अक्षरांत 'सर्व्हिस' छापलंय. १८६६ मध्ये सरकारी टपालासाठी कलकत्त्याच्या मिलिटरी ऑर्फनेज प्रेसमध्ये मारलेला तोच छाप वाटतो. शेवटचा पूर्णविराम आहे, पण आयवरचं टिंब नाही.

टिंब नसलेली आणि पूर्णविराम नसलेली, असे दोन्ही प्रकार कॅटलॉगमध्ये स्वतंत्र नोंदवलेले आहेत. अडचण अशी की शाई कमी लागली तरी टिंब उडतं, आणि कुणी ब्लेडने खरवडूनही काढू शकतो. भिंगाखाली तिथला कागद खरवडलेला दिसत नाही. बाकी अक्षरं ठसठशीत आहेत, म्हणून शाई कमी पडली असेल असं मला तरी वाटत नाही.

खरी शंका वेगळीच आहे. या छापाच्या नकला भरपूर निघाल्या आहेत. टपालाचा शिक्का छापाच्या वर बसलाय की खाली (खाली असेल तर छाप नंतर मारलेला, म्हणजे नकली), हे घरच्या भिंगाने ओळखता येतं का? दोन्ही काळेच, मला काही उलगडत नाही. की सरळ तज्ज्ञांकडून प्रमाणपत्रच घ्यावं? पुण्या-मुंबईत असं काम कोण करतं आणि साधारण खर्च किती येतो?

विकायचं नाहीये, त्यामुळे 'किती देऊ' असे मेसेज कृपया नकोत. ज्यांच्याकडे याच छापाचं खात्रीचं तिकीट आहे त्यांनी मोठा स्कॅन टाकला तर फार उपकार होतील.