टायमिंग बेल्ट: किलोमीटरबरोबर वयही पाहावे
गाडी फारशी चाललेली नसताना टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच तालात चालवणारा दातेरी पट्टा) बदलण्याची घाई कशाला, असा प्रश्न पडू शकतो. मात्र रबराचा बेल्ट उभ्या गाडीतही कडक होतो आणि त्याच्या दातांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. म्हणूनच उत्पादक किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा घालून देतात. इंटरफिअरन्स प्रकारच्या इंजिनात, म्हणजे जिथे पिस्टन आणि उघडे व्हॉल्व्ह एकाच जागेत पण वेगवेगळ्या वेळी येतात, तिथे बेल्ट तुटला, की व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट मात्र फिरत राहतो आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात. मग सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि याच बेल्टवर चालणारा वॉटर पंप असल्यास तोही सोबतच बदलावा, कारण बराचसा खर्च खोलून पुन्हा बसवण्याच्या मजुरीचाच असतो. जुनी गाडी घेताना पावती नसेल, तर बेल्ट बदललेलाच नाही असे धरून चालावे. विक्रेत्याच्या तोंडी हमीला माझ्या लेखी किंमत नाही.