जॉनी रमोनचा उजवा हात
‘रमोन्स’ या अमेरिकी पंक रॉक बँडचा गिटारवादक जॉनी रमोन याच्याविषयी ‘तीनच कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) वाजवणाऱ्या माणसाच्या आत्मचरित्रात वाचण्यासारखे काय असणार’, असे कोणी म्हटले, ते मला पटले नाही. जॉनी रमोनचे खरे कसब उजव्या हातात होते. कार्यक्रमभर तो तारांवर जवळजवळ केवळ वरून खालीच आघात करीत असे, आणि मी घरी तसे करून पाहिले तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला मनगट आखडून पिक (तारा छेडायची छोटी चकती) हातातून निसटले. त्याच्या निधनानंतर आठ वर्षांनी, २०१२ साली आलेल्या ‘कमांडो’ या आत्मचरित्रातून दिसणारी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: हा माणूस आपल्या कार्यक्रमांच्या नोंदी काळ्या वह्यांत, एखाद्या पेढीवाल्याने खतावणी लिहावी तशा, नेमाने ठेवीत असे, आणि पुस्तकाच्या शेवटी त्याने रमोन्सच्या अल्बमांना शाळामास्तराच्या थाटात श्रेणीही दिल्या आहेत.