अनुभव धागा : डबे, बरण्या, ट्रंका. तुमच्याकडे काय टिकलं, काय फसलं?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे रिकामे डबे खाली काढले. मोजले तर ३१! रिकाम्यांनी फळ्या अडवलेल्या, म्हणून भरलेले ओट्यावर. त्यातले ६ गेल्या वर्षी हौसेने घेतलेले, पारदर्शक, हिरव्या कडेच्या झाकणाचे. सामान किलोने आणतो म्हणून सगळे १ लिटरचे घेतले. इथेच फसले. तूरडाळ ८०० ग्रॅमच्या आसपास गेली की डबा काठोकाठ, बेसन अर्ध्या किलोच्या जरा वर, आणि पोह्यांचं विचारूच नका. प्रत्येक जिन्नसाची रबर लावलेली एक पिशवी उरायची. त्या पिशव्या ठेवायला मी सातवा डबा आणला. हसा खुशाल, पण मग तुमचंही सांगा.

*

हसले नाही, कारण माझ्याकडे ८ आहेत. आता डबा घ्यायला जाताना घरचा जुना डबा सोबत नेते आणि त्याच्याशी मापून घेते. दुकानदार बघत राहतो, बघू दे.

*

आमचं घर चिपळूणजवळ. शहरातल्या नातेवाइकांकडे काचेच्या बरण्या ओळीने बघून मलाही मोह झाला होता, पण इथे जून लागला की बरणी दिसते कशी यापेक्षा झाकण बसतं कसं ते महत्त्वाचं. मीठ पत्र्याच्या डब्यात ठेवून एका पावसाळ्यात तळाला भोक पाडून घेतलंय. स्टीललाही मीठ बारीक टोचे पाडतं. त्यामुळे मीठ आणि लोणचं चिनी मातीच्या बरणीत, लोणच्याला वरून दादरा. पापड-कुरडयांना मात्र तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा, वरचा पत्रा कापून झाकण बसवून घेतलेला. भरण्याआधी तो दिवसभर उन्हात पालथा. आणि रवा? तो भाजूनच ठेवायचा. कच्चा ठेवलात तर कितीही महागडा डबा असो, जाळी धरते. किडीची अंडी बरेचदा दुकानातूनच आलेली असतात, त्याला डबा काय करणार!

*

रिकाम्या प्लास्टिकच्या बरणीत उकळतं पाणी ओतून निर्जंतुक करायला गेलो. बरणी मान टाकून बसली. तळाला त्रिकोणात १ आकडा होता. तिथे ५ असेल तर गरम पाणी सोसतं, हे नंतर कळलं.

*

नवरा सैन्यात होता. २१ वर्षांत ९ बदल्या. आमचं घर म्हणजे १४ काळ्या ट्रंका, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात क्रमांक. कपाटं घेतलीच नाहीत. नव्या गावी पोचलं की दोन ट्रंका जोडून वर गादी टाकायची, झाला दिवाण. एकीवर टेबलक्लॉथ, झाला टीपॉय. कुठे काय आहे याची वही होती, शिवाय त्याच यादीची प्रत झाकणाला आतून चिकटवलेली. ही प्रतीची अक्कल चौथ्या बदलीनंतर आली. त्या वेळी थंडीच्या गावी उतरलो, स्वेटर कुठल्या ट्रंकेत ते वहीत होतं, आणि वही कुठल्या ट्रंकेत ते कुठेच नव्हतं. निवृत्तीनंतर पुण्यात फ्लॅट घेतला, भिंतभर कपाटं केली. आता काही सापडत नाही.

*

डोंबिवली, वन रूम किचन, माणसं ५. चौकोनी डबेच घ्या. गोल डबे ओळीने लावले की साधारण पाचवा हिस्सा जागा नुसती हवेला जाते. गणित करून बघा.

*

गणित बरोबर आहे हो दादा, पण चौकोनी डब्याच्या कोपऱ्यातलं पीठ निघत नाही. तिथेच आळ्या होतात. पीठ गोल डब्यात, बाकी तुमचं मान्य.

*

स्वयंपाकघराबाहेरचं एक सांगते. लग्नातली पैठणी चेनच्या प्लास्टिक कव्हरमध्ये ४ वर्षं जपली. काढली तेव्हा जर काळवंडलेली, आणि एकाच घडीवर विरायला लागलेली. आता जुन्या मऊ सुती साडीत गुंडाळते आणि वर्षातून दोनदा घडी बदलते. डांबरगोळ्या जरीजवळ नाहीत.

*

आईच्या पश्चात बहिणीने आणि मी स्वयंपाकघर लावलं. सारखे डबे, छापील लेबलं, सगळं झकास. बाबा दोन दिवस बिनसाखरेचा चहा पीत राहिले. साखर गेली ३० वर्षं 'चहा' कोरलेल्या पितळी डब्यात असायची आणि चहा बिस्किटांच्या डब्यात. लेबल वाचायची सवयच नाही त्यांना. आम्ही ते दोन डबे जिथल्या तिथे ठेवले. बाकीची लेबलं आहेत अजून, त्यावर कोणी बघत नाही.

*

धागा काढणारी परत आले. १५ डबे भंगारात गेले, ४ कामवाल्या मावशींनी नेले. हिरव्या कडेचे ६ मात्र अजून आहेत. कुणाला हवेत का? १ लिटरचे आहेत.